महापालिकेच्या वकिलाचा अशील कोण?

महापालिका उच्च न्यायालयात एखादे मोठे प्रकरण हरली की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. नागरिक म्हणतात, पालिकेचा वकील समोरच्याला फितूर झाला. अधिकारी म्हणतात, वकिलाने बाजू नीट मांडली नाही, पुढच्या वेळी मोठा वकील लावू. दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे: खटला ही कुस्ती, वकील हा पालिकेने पोसलेला पैलवान आणि समोरच्याला चितपट करणे हे त्याचे काम. ही समजूत उथळ आहे. तिच्यापायी आपल्या शहरांनी मैदाने गमावली, वर्षे गमावली आणि करदात्यांचा पैसा गमावला, असे माझे ठाम मत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. शहराच्या वकिलाचे खरे काम कोर्टात उभे राहण्याच्या कितीतरी आधी, पालिकेच्याच फाइलवर होते. 'हे कायद्यात बसत नाही', 'हे आजच केले पाहिजे', 'इथे आपली चूक आहे, कबूल करून मोकळे होऊ' असे पालिकेला वेळेवर आणि लेखी सांगणे, हे ते काम. वकालतनाम्यावर सही अधिकाऱ्याची असते, पण वकिलाचा अशील शहर असते. म्हणजे ज्यांची नावे दाव्याच्या शीर्षकात कधीच येत नाहीत अशी लाखो माणसे. हे एकदा मान्य केले की वकील कसा निवडावा, त्याचे काम कशावर मोजावे आणि फाइल त्याच्यापर्यंत कधी पोहोचावी, या सगळ्याची उत्तरे बदलतात.

१. जिंकलो की हरलो, एवढे पुरत नाही

ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका हा खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. १९८१ च्या पावसाळ्यात पदपथांवरच्या झोपड्या हटवण्याचा निर्णय झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेले. निकाल १० जुलै १९८५ चा. तांत्रिक अर्थाने पालिका जिंकली. मुंबई महापालिका कायद्याचे कलम ३१४, म्हणजे रस्त्यावरची अतिक्रमणे नोटीस न देता काढण्याचा अधिकार, घटनाबाह्य ठरले नाही. पण त्याच निकालाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, नोटीस न देणे हा अपवाद असावा असे सांगितले आणि पावसाळा संपेपर्यंत कारवाई थांबवली.

या खटल्यात पालिकेच्या बाजूने एक मुद्दा आला होता. पदपथावर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही, असे याचिकाकर्ते उच्च न्यायालयात म्हणाले होते. तेव्हा आता त्यांना तो मुद्दा काढता येणार नाही, असा तो युक्तिवाद. मूलभूत हक्क असा बोलण्यातून सोडून देता येत नाही, असे सांगून न्यायालयाने तो फेटाळला. युक्तिवाद म्हणून तो बिनतोड वाटला असेल. पण तो यशस्वी झाला असता तर शहराच्या पदरात काय पडले असते? पदपथावर राहणारी माणसे शहराचीच होती, पदपथावरून चालणारीही शहराचीच. दोघांचा मेळ कसा घालायचा हा खरा प्रश्न होता आणि त्याला या युक्तिवादाने स्पर्शही केला नसता.

दुसरे उदाहरण मध्य प्रदेशातल्या रतलामचे. उघडी गटारे आणि दुर्गंधी यांना कंटाळून एका वॉर्डातले रहिवासी मॅजिस्ट्रेटकडे गेले. मॅजिस्ट्रेटने गटारांची व्यवस्था करण्याचा आदेश नगरपालिकेला दिला. नगरपालिकेने तो पाळण्याऐवजी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवला. बचावाचा मुख्य आधार काय, तर पैसे नाहीत. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हा बचाव सपशेल नाकारला. सांडपाण्याचा निचरा करणे हे नगरपालिकेचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि तिजोरीकडे बोट दाखवून ते टाळता येत नाही. ज्यांचे पाय गटारात भरत होते त्या लोकांच्याच करातून नगरपालिकेच्या वकिलांचे शुल्क भागत होते, हे या प्रकरणातले सर्वात बोचणारे वास्तव आहे. सर्वोच्च न्यायालयात नगरपालिका जिंकली असती तर वकिलाच्या खात्यावर विजय जमा झाला असता आणि गटार तसेच वाहत राहिले असते.

२. मनाई हुकूम वॉर्ड ऑफिसात लिहिला जातो

अनधिकृत बांधकामाच्या प्रकरणात कोर्टाने 'जैसे थे'चा आदेश दिला की आपण न्यायालयाला किंवा वकिलाला बोल लावतो. त्या प्रकरणाचा पहिला कागद मात्र कोणी उघडून पाहत नाही. तो पाहू.

मुंबईत पूर्ण झालेल्या विनापरवाना बांधकामाला कलम ३५१ ची नोटीस देतात. खुलाशासाठी मुदत द्यावी लागते आणि खुलासा आल्यावर कारणे नोंदवून आदेश काढावा लागतो. काम चालू असेल तर कलम ३५४अ. एखादी नेहमीची सदोष नोटीस कशी दिसते? वरती नावाच्या जागी नुसते 'मालक/भोगवटादार'. वर्णनाच्या रकान्यात 'तळमजल्यावर विटांचे व पत्र्याचे बांधकाम, अंदाजे १५ फूट बाय १० फूट'. हे 'अंदाजे' फार महाग पडते. सोबत स्केच नाही. पंचनाम्यावर तारीख आहे, पण पंचांच्या सह्या वाचता येत नाहीत. फोटो आहे, पण तो नोटिशीच्या आधीचा की नंतरचा हे फाइलवरून कळत नाही. खुलाशाला उत्तर म्हणून निघालेला आदेश दोन ओळींचा: खुलासा समाधानकारक नाही, सबब बांधकाम काढून टाकावे.

आता बांधकामवाला नगर दिवाणी न्यायालयात जातो. त्याच्याकडे करआकारणीचा एक जुना उतारा असतो. मुंबईत निवासी बांधकामासाठी १७ एप्रिल १९६४ आणि अनिवासी बांधकामासाठी १ एप्रिल १९६२ या तारखा कळीच्या आहेत. त्याआधीपासून उभे असलेले बांधकाम पालिका चालवून घेते. उताऱ्यातले बांधकाम आणि नोटिशीतले बांधकाम एकच आहे की निराळे, हे ठरवायला मोजमाप लागते, आणि नोटिशीत आहे फक्त 'अंदाजे'. पालिकेच्या पॅनेलवरच्या वकिलाला ही फाइल त्याच सकाळी, कोर्टाच्या व्हरांड्यात, कनिष्ठ अभियंत्याच्या हातून मिळालेली असते. न्यायाधीशांपुढे एका बाजूला परत न उभी राहणारी भिंत असते आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट कागद. ते काय करणार? अंतरिम मनाई देणार. ती मनाई मग वर्षानुवर्षे चालते आणि मधल्या काळात तळमजल्यावर पहिला मजला चढतो.

हा हुकूम कोर्टात मिळाला, पण लिहिला गेला तो वॉर्ड ऑफिसात, नोटीस तयार झाली त्या दिवशी. कोणी मुद्दाम सदोष लिहिली असेल तर तो आधीच विकलेला मनाई हुकूम होता, आणि कोणी घाईत लिहिली असेल तर दान दिलेला. दोन्ही वेळी वकील नंतर आला.

नेमका उलटा धोका सत्तेच्या घाईचा. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबईच्या पाली हिलवर एका अभिनेत्रीच्या बंगल्यावर पालिकेने कलम ३५४अ खाली कारवाई केली. ७ सप्टेंबरला नोटीस निघाली, ९ सप्टेंबरला तोडकाम झाले. मुंबई उच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबर २०२० रोजी नोटीस व कारवाई रद्द ठरवली आणि कारवाईमागचा हेतू सद्भावनेचा नसल्याचा निष्कर्ष काढला. त्या व्यक्तीची मते कोणाला पटोत वा न पटोत, तो मुद्दाच नाही. चालू कामासाठीचे कलम इथे लागते का, हा साधा कायद्याचा प्रश्न ७ तारखेला कोणी लेखी विचारला असता आणि लेखी उत्तर फाइलवर पडले असते, तर ९ तारीख वेगळी उगवली असती. न्यायालयात ज्येष्ठ वकील उभा करून हा खड्डा बुजत नाही.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझर कारवायांबाबत देशभरासाठी नियम घालून दिले. किमान १५ दिवसांची नोटीस, व्यक्तिशः सुनावणी, कारणांसह आदेश, कारवाईचे चित्रीकरण. आणि हे डावलणाऱ्या अधिकाऱ्यावर स्वतःच्या खिशातून भरपाईची जबाबदारी. रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागांवरची अतिक्रमणे यातून वगळली आहेत, हे विसरू नये. या निकालानंतर तरी वकिलाचे मत नोटिशीच्या आधी लागते हे प्रशासनाला स्वतःच्या हितासाठी उमजायला हवे.

३. बारनिशीत हरवलेले मैदान

मला सर्वात जास्त अस्वस्थ करणारा विषय हा आहे, कारण यात कोणी आरडाओरडा करत नाही.

विकास आराखड्यात एखाद्या खासगी जमिनीवर मैदान, शाळा किंवा दवाखान्याचे आरक्षण पडते. आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन ताब्यात घेतली गेली नाही, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ च्या कलम १२७ खाली मालक पालिकेला खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत संपादन झाले नाही किंवा त्या दिशेने पावले पडली नाहीत, तर आरक्षण रद्द झाल्याचे मानले जाते. ही मुदत पूर्वी सहा महिने होती. पुढे वाढत २०१५ च्या दुरुस्तीने २४ महिने झाली. मालकाच्या बाजूने पाहिले तर तरतूद न्याय्य आहे. कोणाची जमीन पिढ्यान्‌पिढ्या अडकवून ठेवणे हा अन्यायच.

पण ती नोटीस पालिकेत येते तेव्हा काय होते? बारनिशीत, म्हणजे आवक टपालाच्या नोंदीत, शिक्का बसतो. तिथून ती नगररचना विभागाकडे जाते. तिथे जुना नकाशा शोधतात. मग भूसंपादनाकडे, तिथून मोजणी झाली आहे का, अशी विचारणा होऊन फाइल परत. मग लेखा विभागाकडे, तरतूद आहे का म्हणून. विधी विभागाकडे फाइल येते तेव्हा बहुतेक वेळा मुदतीचे शेवटचे दिवस उरलेले असतात किंवा मालकाची उच्च न्यायालयातली याचिका आधी आलेली असते. 'पावले' म्हणजे काय याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ मध्ये स्पष्ट केले की ठराव करणे, जिल्हाधिकाऱ्यांना प्रस्ताव पाठवणे एवढ्याने भागत नाही. भूसंपादनाची घोषणा होईपर्यंत मजल जायला हवी. म्हणजे कागदी घोडे कितीही नाचवले तरी आरक्षण वाचत नाही.

याचिकेत पालिकेचा वकील उभा राहतो तेव्हा त्याच्या हातात काहीच नसते. तारखा बोलतात. तो हरतो आणि त्याच्या नावावर एक पराभव लागतो. त्या पेठेतली, त्या उपनगरातली मुले कुठे खेळतील याची नोंद निकालपत्रात नसते. इथे शहराला गरज होती ती युक्तिवादाची नाही. गरज होती बारनिशीच्या शिक्क्याच्या दिवशी नोंदवहीत मुदतीची तारीख लिहून, दर महिन्याला आयुक्तांच्या टेबलावर ती ठेवणाऱ्या माणसाची. हे काम शहराच्या वकिलाचे आहे. ते कारकुनी वाटते म्हणून कमी प्रतीचे समजणे ही आपली चूक आहे. एका मैदानाचे भवितव्य या एका नोंदीवर ठरते.

उलट बाजूही पाहा. जमीन घेतली, पण भरपाई कमी दिली, तर १८९४ च्या भूसंपादन कायद्याखालच्या जुन्या प्रकरणांत वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी ९ टक्के आणि त्यानंतर १५ टक्के व्याज चढते. ज्या अपिलात दम नाही असे अपील 'वरच्यांनी सांगितले' म्हणून दाखल करणे म्हणजे करदात्यांच्या माथी १५ टक्के दराने कर्ज मारणे.

४. मग अशील कोण?

मुंबईचा १८८८ चा कायदा घडवण्यात फिरोजशहा मेहता या बॅरिस्टरचा मोठा वाटा होता. त्या कायद्याने महापालिकेची सत्ता एका हातात दिली नाही. महापालिका सभागृह, स्थायी समिती, आयुक्त असे निरनिराळे अधिकारी नेमले आणि त्यांना एकमेकांवर लक्ष ठेवायला लावले. दावे चालवण्याचे काम आयुक्तांचे, तरी महत्त्वाच्या तडजोडींना स्थायी समितीची मान्यता लागते. राज्यातल्या इतर महापालिका १९४९ च्या कायद्याने चालतात. तिथेही मूळ रचना हीच. म्हणजे कायद्यानेच सांगितले आहे की आयुक्त हे पालिकेचे एक अंग आहेत, पालिका नव्हेत.

व्यवहारात मात्र वकील ज्याच्याकडून सूचना घेतो तोच अशील होऊन बसतो. सर्वात वाईट काळ लोकप्रतिनिधी नसतानाचा. मुंबईत मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार केला. आयुक्त तेच, स्थायी समिती तेच, सभागृह तेच. अशा वेळी वकिलाने कोणाच्या हिताची राखण करायची? सूचना देणारा आणि त्या तपासणारा एकच झाल्यावर, शहराच्या वतीने 'थांबा' म्हणणारे पालिकेच्या आत दुसरे कोणी उरत नाही.

न्यायालयांनी सार्वजनिक संस्थांकडून वेगळ्या वागणुकीची अपेक्षा फार पूर्वीच बोलून दाखवली आहे. मद्रास पोर्ट ट्रस्टच्या १९७९ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नागरिकाचा न्याय्य दावा मुदतीच्या तांत्रिक मुद्द्यावर बुडवणे सार्वजनिक संस्थेला शोभत नाही. खासगी कंपनीचा वकील असा मुद्दा सोडेल तर ती कर्तव्यच्युती ठरेल. शहराच्या वकिलाला तो सोडण्याचा सल्ला देता यायला हवा, कारण समोरचा नागरिकही त्याच्या अशिलाचाच एक भाग आहे.

करांचे घ्या. मुंबईत २०१० पासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावर आला. जमिनीवर भविष्यात किती बांधकाम होऊ शकेल हे धरून मूल्य काढण्याची मुभा देणारे काही नियम उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. एक तप गेले. शेवटी ठरले ते असे की मूळ कायदा या नियमांना आधार देत नाही. शहराला महसूल हवा, हे मीही आग्रहाने म्हणेन. पण मूळ कायदा किती ताणता येतो या प्रश्नाला १२ वर्षांनी न्यायालयाकडून उत्तर मिळणे हे शहराच्या अंदाजपत्रकाला परवडणारे नाही. त्याचे खरेखुरे, न घाबरता दिलेले उत्तर नियमांच्या मसुद्याच्या वेळीच हवे.

५. तीन आक्षेप

पहिला आक्षेप वकील मंडळी घेतील: वकिलाने सूचनेप्रमाणे बाजू मांडायची असते; सार्वजनिक हित कशात आहे हे ठरवायला त्याला कोणी निवडून दिले? आक्षेप वजनदार आहे. वकिलाने स्वतःला नगरपिता समजू नये. पण मी त्याला निर्णय घ्यायला सांगत नाही. तो मत देईल, लेखी देईल आणि मत डावलले गेले तर डावलणाऱ्याने कारण लिहावे असा आग्रह धरेल. त्यानंतरही लढायची सूचना आली तर तो लढेल, फक्त न्यायालयापासून फाइलमधला कागद लपवणार नाही. निर्णय जबाबदार माणसाकडेच राहतो. आज तो कोणाकडेच नसतो, कारण 'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे' हा शेरा मारून सगळेच हात झटकतात.

दुसरा आक्षेप नागरिकांचा, आणि तो रागातून येतो: हे सगळे तत्त्वज्ञान झाले, वकील पैसे खातात त्याचे काय? खाणारे असतील, त्यांना शिक्षा व्हावी. पण फितुरीचा आरोप आपल्याला एवढा सोयीचा का वाटतो, याचा विचार करावा. तो केला की नोटीस कोणी लिहिली, मुदत कोणी चुकवली, मोजमाप कोणी टाळले हे विचारायची गरज उरत नाही. वरळीच्या कॅम्पा कोला आवारात पाच मजल्यांच्या परवानगीवर वीस मजल्यांपर्यंत इमले चढले. काम थांबवण्याची नोटीस १९८४ मध्येच निघाली होती. काम थांबले नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पालिकेची बाजू टिकली. वकिलांनी काम चोख केले. तोवर तिथे संसार थाटून माणसे म्हातारी झाली होती. त्या विजयाने कोणत्याही प्रामाणिक माणसाला समाधान वाटू नये.

तिसरा आक्षेप तिजोरीचा: पालिका चुका कबूल करू लागली तर दावेदारांची रांग लागेल. रांग आजही आहे. फरक एवढाच की आज ती व्याजासह, खर्चासह आणि अपमानासह निस्तरली जाते. उशिरा केलेली अपिले तर आता सहज पदरातही घेतली जात नाहीत. २०१२ च्या पोस्टमास्तर जनरल प्रकरणानंतर सरकारी यंत्रणेची फाइल संथ फिरते ही सबब पुरत नाही. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण माणसाने पाळावी. शहराला ती पायरी चढावीच लागते. कोणत्या प्रकरणात चढायची हे मात्र त्याला निवडता येते.

६. बदल कुठून सुरू व्हावा

पॅनेलवरची नेमणूक मर्जीने होते तोवर निर्भीड मताची अपेक्षा व्यर्थ आहे. पंजाब-हरियाणाच्या सरकारी वकिलांबाबत २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा नेमणुका मनमानीने करता येत नाहीत, पात्रतेची पारदर्शक पडताळणी हवी. महापालिकांना हेच तत्त्व लावावे, आणि मुदत संपण्याआधी पॅनेलवरून काढायचे तर कारण लेखी द्यावे. हजेरीमागे मानधन देण्याची पद्धत तारखा वाढवणाऱ्याला बक्षीस देते. नोटिशीच्या मसुद्याला, कच्च्या दाव्यात तडजोडीच्या सल्ल्याला, मुदतीत दाखल केलेल्या कैफियतीला मोबदला असावा.

प्रत्येक वॉर्डासाठी एक कायदा अधिकारी असा असावा की ज्याच्या सहीशिवाय तोडकामाचा आदेश निघणार नाही. कलम १२७ च्या नोटिशींची यादी, शिल्लक दिवसांसह, पालिकेच्या संकेतस्थळावर लावावी. आपल्या भागातले मैदान जाते आहे हे तिथल्या आईबापांना मुदत असतानाच कळेल. आणि वर्षातून एकदा सभागृहापुढे हिशेब यावा: किती मनाई हुकूम किती वर्षे चालू आहेत, कोणत्या वॉर्डाच्या नोटिशी कोणत्या दोषामुळे पडल्या, किती व्याज भरले.

यावर विधी विभाग गोपनीयतेची ढाल पुढे करील. वकिलाचा सल्ला गुप्त असतो हे खरे. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ चे कलम १३२ त्याला संरक्षण देते. पण ते संरक्षण अशिलासाठी आहे आणि अशिलाची संमती असेल तर उठते. चालू खटल्यातला सल्ला बंद लिफाफ्यातच राहावा. खटला कायमचा संपल्यावर मात्र, लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने ठराव करून ते मत खुले केले, तर अशिलानेच आपली संमती दिलेली असेल. मग वकिलाने वेळेवर 'थांबा' म्हटले होते की नाही, आणि म्हटले असेल तर ते कोणी ऐकले नाही, हे त्या शहरातल्या कोणालाही फाइल मागून वाचता येईल.